कपाट तीन की कपाट सहा : सोलापुरातल्या एका संग्रहालयातलं कोनोडोंटचं प्रकरण

(व्यक्ती आणि संस्था ओळखू येतील असे तपशील गाळले आहेत.)

पार्श्वभूमी

सोलापुरातल्या एका जुन्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र विभागाचं छोटंसं संग्रहालय आहे. पहिला मजला, पश्चिमेची खोली. मार्च उजाडला की दुपारी एकनंतर तिथं उभं राहवत नाही. सागवानी कपाटं नऊ: एक ते पाच अपृष्ठवंशी, सहा ते नऊ पृष्ठवंशी. फॉर्मलिनच्या बरण्या, पेंढा भरलेलं घुबड, नान्नजच्या माळढोकाचा पिवळा पडलेला फोटो. मी तेव्हा तिथं तासिका तत्त्वावर शिकवत होतो, आणि अक्षर बरं म्हणून पाट्या लिहिण्याचं काम आपोआप माझ्याकडे आलं होतं.

सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेची गर्दी ओसरली त्याच आठवड्यात विभागात दोन खोकी आली. भूशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक प्राध्यापक वारले होते, त्यांचं घर आवरताना मुलानं ती आणून दिली. बहुतेक माल नेहमीचा: अकीक, झिओलाइटचे पांढऱ्या सुयांसारखे झुबके, दोन-तीन शिंपले. तळाशी मात्र काडेपेटीपेक्षा लांबट अशी पुठ्ठ्याची एक स्लाइड होती. मधे खाच, खाचेत काळा कागद, कागदावर बारीक चौकटी, वरून सरकवलेली काच. चौकटींत राईच्या दाण्याहून लहान काहीतरी चिकटवलेलं. अकरा नग आणि एक तुटका तुकडा.

मायक्रोस्कोपखाली धरल्यावर एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी पटकन म्हणाली, "सर, ही तर फणी!" खरंच फणी होती. एका दांड्यावर ओळीनं दात, त्यातला एक उंच. दुसरा नग करवतीच्या पात्यासारखा. तिसऱ्याला खालून पन्हळीसारखी खोबण. सगळे काळे कुळकुळीत, पण उजेड तिरका पाडला की चमकायचे.

स्लाइडच्या कडेला पेन्सिलनं 'टीआर' ही अक्षरं आणि ७ हा आकडा. मागच्या बाजूला वेगळ्याच हातानं लिहिलेली चिठ्ठी: 'कोनोडोंट – कृमींचे जबडे'. कोनोडोंट म्हणजे जुन्या समुद्री खडकांत सापडणारे दातांसारखे बारीक जीवाश्म, आणि ते ज्याचे तो प्राणीही.

नेमका प्रश्न

एप्रिलच्या शेवटी कमिटी येणार होती. तोवर संग्रहालयातली प्रत्येक वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला चढवायची, असा कार्यालयाचा निरोप. रजिस्टरचे रकाने ठरलेले: अनुक्रमांक, वर्णन, नग, संघ-वर्ग, कपाट क्रमांक, शेरा. बाकीची दोन खोकी तासाभरात उरकली. ही स्लाइड 'संघ-वर्ग' पाशी अडली.

चिठ्ठी खरी मानली तर ती कपाट तीनमध्ये, गांडूळ आणि जळवांच्या शेजारी. पण विभागप्रमुख मॅडमना पक्कं आठवत होतं की नव्या पाठ्यपुस्तकांत कोनोडोंट पृष्ठवंशीयांच्या जवळ घेतात. तसं असेल तर कपाट सहा, लँप्री या वामेसारख्या, जबडा नसलेल्या माशाच्या बरणीशेजारी. दोन कपाटांत अंतर पंधरा फूट, वर्गीकरणात मात्र अख्खी प्राणिसृष्टी आडवी येते.

मी म्हटलं, पेन्सिलनं लिहून ठेवू, मग बघू. कार्यालयातले भाऊसाहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "डेडस्टॉकला पेन्सिल चालत नाही. काय ते एकदाच ठरवा." या संपूर्ण प्रकरणात सगळ्यांत उपयोगी पडलेलं वाक्य हेच, असं मला आजही वाटतं. ते बोलले नसते तर स्लाइड 'इतर' मध्ये गेली असती आणि विषय मिटला असता.

समोर असलेले पर्याय

पहिला, चिठ्ठी मानून कपाट तीन. दुसरा, पाठ्यपुस्तक मानून कपाट सहा. तिसरा, दरवाज्याजवळच्या टेबलावर 'स्थान अनिश्चित' अशी पाटी लावून ठेवणं. आणि एक चौथा पर्याय, जो कुणी मागितला नव्हता पण पुढे आला: एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सुचवलं की 'सोलापूर परिसरातील जीवाश्म' अशी नवी पेटी करू, कमिटीला स्थानिक काहीतरी दिसलं पाहिजे.

हा चौथा पर्याय आम्ही पाच मिनिटांत बाद केला. सोलापूरच्या पायाखाली दख्खनचा काळा कातळ आहे. लाव्ह्याचे हे थर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे. कोनोडोंट ट्रायासिक या भूशास्त्रीय कालखंडाच्या अखेरीस, म्हणजे सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीच संपले. शिवाय ते समुद्रातले प्राणी. भुईकोटाच्या तटाखाली कितीही खणलं तरी या कातळात ते लागणार नाहीत. सहकारी थोडे खट्टू झाले, पण ऐकलं.

बाकी तीन पर्यायांत निवड करायची तर आधी दोन वेगळे प्रश्न सुटे करायला हवे होते. स्लाइडवर आहे ते खरंच कोनोडोंट आहे का? आणि असेल, तर कोनोडोंट म्हणजे कोण? आम्ही सुरुवातीला हे दोन्ही एकत्र कालवले आणि आठवडाभर नुसतंच बोलत बसलो.

पहिला निर्णय: हे कोनोडोंटच का?

'कृमींचे जबडे' ही चिठ्ठी वेडगळ नव्हती. समुद्री वलयी कृमींचे जबडेही जीवाश्म होतात, तेही दातेरी, तेही एवढेच बारीक आणि काळे. फरक घडणीत आहे. कृमींचे जबडे सेंद्रिय द्रव्याचे असतात. कोनोडोंटचे घटक कॅल्शियम फॉस्फेटचे, म्हणजे आपली हाडं आणि दात ज्या खनिजाचे त्याच कुळातले.

मग ते काळे का? कोनोडोंट मुळात फिकट पिवळसर, मधाच्या रंगाचे असतात. खडक जसजसा तापतो तसतसा त्यांच्यातला सेंद्रिय अंश करपतो: पिवळा, तपकिरी, काळा. १९७७ मध्ये अमेरिकी भूवैज्ञानिकांनी या रंगांची क्रमवार पट्टीच तयार केली. तिच्यात काळा रंग म्हणजे क्रमांक ५, खडक साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापल्याची खूण. तेल शोधणाऱ्या कंपन्यांना या पट्टीचा फार उपयोग झाला, कारण एवढ्या उष्णतेत तेल टिकत नाही. म्हणजे आमच्या स्लाइडवरचा काळा रंग त्या प्राण्याचा नव्हताच, तो खडकानं सोसलेल्या आचेचा होता. चिठ्ठी लिहिणारा बहुधा याच रंगाला फसला.

खात्रीसाठी तुटका तुकडा कामी आला. ओळखीतून एका संस्थेच्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर त्याची तपासणी झाली: कॅल्शियम आणि फॉस्फरस दोन्ही ठसठशीत. पूर्ण नग पाठवायचा नाही, तुकडाच पाठवायचा, हा मॅडमचा आग्रह. तो फार शहाणपणाचा होता, हे थोड्याच दिवसांत कळलं.

कारण मधल्या काळात एक अपघात झाला. मोजमाप घ्यायला आम्ही स्लाइडची काच सरकवली. मार्चचा दुसरा आठवडा, डोक्यावर पंखा पूर्ण वेगात. चिकटवायला वापरलेला डिंक इतक्या वर्षांत वाळून भुगा झाला होता. काच निघाली आणि चौकटी रिकाम्या दिसायला लागल्या. "पंखा! पंखा बंद करा!" म्हणेपर्यंत चार नग गायब. मग टेबलावर ओला ब्रश फिरवत, टॉर्च तिरका धरून, आम्ही तिघं दीड तास टेबलाच्या पृष्ठभागाशी डोळे लावून बसलो. तीन मिळाले. एक नाही.

उरलेल्या दहांवर दोन गोष्टी साफ दिसल्या: खालची खोबण आणि थरावर थर चढत गेल्याच्या रेषा. पहिला प्रश्न मिटला. 'टीआर' म्हणजे ट्रायासिक असावं. भूशास्त्रात तसं लिहितात. स्पितीच्या खोऱ्यातल्या मुध गावाजवळचे ट्रायासिक थर कोनोडोंटसाठी जगभर माहीत आहेत, आणि ते प्राध्यापक तरुणपणी हिमालयात सहली नेत असं त्यांचा मुलगा सांगत होता. मदतीला आलेले दुसरे एक निवृत्त भूशास्त्राचे सर मात्र ठाम होते: "असतील म्हणजे आहेत नव्हे. स्थळ लिहू नका." आम्ही लिहिलं नाही.

दुसरा निर्णय: कोनोडोंट म्हणजे कोण?

खरा गुंता इथं होता, म्हणून यावर जरा सविस्तर.

१८५६ मध्ये ख्रिश्चन पँडर यांनी बाल्टिक भागातल्या खडकांतून हे बारीक दात वर्णन करून त्यांना कोनोडोंट, म्हणजे शंकूसारखे दात, असं नाव दिलं. त्यांना ते माशांचे वाटले. पुढची सव्वाशे वर्षं हे दात सापडत राहिले, प्राणी सापडला नाही. कुणी कृमी म्हणालं, कुणी गोगलगायींचे नातलग, कुणी संधिपाद, कुणी चक्क वनस्पती. गंमत म्हणजे खडकांचं वय ठरवायला मात्र ते उत्तम चालत होते. पर्मियन आणि त्यानंतरचा ट्रायासिक या कालखंडांमधली सीमा आज 'हिंडिओडस पार्वस' या कोनोडोंटच्या पहिल्या नोंदीवरून ठरते. चीनमधल्या मेइशानचा खडक २००१ मध्ये तिचा जागतिक मापदंड झाला. म्हणजे घड्याळ बरोबर वेळ दाखवत होतं, फक्त ते कुणाच्या मनगटावरचं हे ठाऊक नव्हतं.

१९३४ मध्ये जर्मनीत आणि अमेरिकेतल्या मोंटानात, दोन ठिकाणी स्वतंत्रपणे, खडकाच्या एकाच पापुद्र्यावर वेगवेगळ्या आकाराचे दात डावे-उजवे जोडीनं मांडलेले मिळाले. तोवर प्रत्येक आकाराला वेगळी जात समजून वेगळं नाव दिलं जात होतं. आता कळलं की फणी, करवत आणि चिमटा ही एकाच तोंडातली हत्यारं आहेत. बऱ्याच जातींत ती पंधरा असतात. आमच्या स्लाइडवरच्या दहा नगांना दहा नावं देण्याचा मोह इथंच संपला.

पण तोंड कुणाचं? १९७३ मध्ये मोंटानाच्याच चुनखडीतून 'हा घ्या कोनोडोंट प्राणी' असं जाहीर झालं. अंगाचा ठसा होता, आत दात होते. पुढं उलगडलं की ते दात त्या प्राण्याच्या पोटात होते. त्यानं कोनोडोंट खाल्ले होते! विद्यार्थिनीला ही गोष्ट इतकी आवडली की तिनं ती वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या.

खरा प्राणी मिळाला तो १९८२ मध्ये, तोही डोंगरात नव्हे, एडिंबराच्या भूवैज्ञानिक संग्रहातल्या खणात. युअन क्लार्कसन तिथं कोळंबीवर्गीय जीवाश्म बघत होते. एडिंबराजवळच्या ग्रँटनच्या किनाऱ्यावरचा तो दगडाचा तुकडा अनेक दशकं तसाच पडून होता. त्यावर सुमारे चार सेंटिमीटर लांब, दोन मिलिमीटर रुंद, वामेसारखं अंग आणि डोक्याच्या जागी दातांचा संच, जागच्या जागी. १९८३ च्या लेखात ब्रिग्ज, क्लार्कसन आणि ऑल्ड्रिज यांनी तरीही हात राखून लिहिलं आणि कोनोडोंटना स्वतंत्र संघच दिला. पुढच्या काही वर्षांत ग्रँटनचे आणखी नमुने मिळाले तेव्हा चित्र भरत गेलं: अंगभर व्हीच्या आकाराचे स्नायूंचे पट्टे, मधून जाणारा पृष्ठरज्जू (पाठीतली लवचिक दांडी), शेपटीला काड्यांचा पर, आणि डोक्यावर दोन मोठी गडद वर्तुळं, म्हणजे डोळे.

दक्षिण आफ्रिकेतल्या सूम शेल या खडकात तर उलटीच तऱ्हा. तिथले दात बहुतांशी विरघळून गेले, नुसते साचे उरले. आणि एरवी सगळ्यांत आधी सडणारे स्नायू मात्र चिकणमातीच्या खनिजांनी तंतू-तंतूनं जपले. १९९५ मध्ये तिथल्या 'प्रोमिसम' या मोठ्या कोनोडोंटमध्ये डोळा हलवणारे स्नायू ओळखले गेले. अशा स्नायूंनी फिरणारा डोळा ही पृष्ठवंशीयांची खूण. हाच प्रोमिसम १९८६ मध्ये आद्य वनस्पती म्हणून जाहीर झाला होता, हे मी मॅडमना मुद्दाम सांगितलं. त्यांचा वनस्पतीशास्त्र विभागाशी खोलीवरून जुना वाद आहे.

एवढ्यावर कपाट सहा ठरायला हरकत नव्हती. पण मॅडमनी एक शंका काढली आणि गाडी पुन्हा थांबली.

"कल्ले कुठे आहेत?" त्या म्हणाल्या. "इतके नमुने मिळाले, खात्रीनं कल्ले म्हणावं असं कशातच नाही. जबडा नाही, कणा नाही, दाताखेरीज हाड नाही. मग पृष्ठवंशी कशाच्या जोरावर? अँफिऑक्ससच्या पातळीवरचं काहीतरी म्हणा."

(अँफिऑक्सस म्हणजे कणा नसलेला, माशासारखा दिसणारा छोटा समुद्री प्राणी.) शंका रास्त होती. तिचं उत्तर दातांत नव्हतं. १९९२ मध्ये कोनोडोंटच्या दातांत एनॅमल आणि हाडासारखी ऊती असल्याचं जाहीर झालं तेव्हा पुष्कळांना वाद मिटला असं वाटलं. २०१३ मध्ये क्ष-किरणांनी दातांची आतली घडण तपासल्यावर दिसलं की हे एनॅमलसदृश आवरण कोनोडोंटच्या वंशात स्वतंत्रपणे आलं, आपल्या दातांशी त्याचं नातं नाही. म्हणजे ज्या वस्तूवरून प्राण्याचं नाव पडलं तीच नातं ठरवायला कुचकामी. जे काही सांगायचं ते मऊ अंगानं. आणि मऊ अंग कुजतं.

बरण्यांचा प्रयोग

२०१० मध्ये लेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी अँफिऑक्सस आणि लँप्रीच्या अळ्या पाण्यात कुजत ठेवल्या आणि कोणता अवयव केव्हा नाहीसा होतो याची नोंद केली. जी वैशिष्ट्यं त्या त्या गटाची खास, नवी, ओळख पटवणारी, तीच आधी गेली. पृष्ठरज्जू आणि स्नायूंचे पट्टे, जे सगळ्याच रज्जुमान (पृष्ठरज्जू असलेल्या) प्राण्यांत असतात, ते शेवटपर्यंत तग धरून राहिले. परिणाम असा की अर्धवट कुजलेला प्राणी जीवाश्म झाला, तर तो होता त्यापेक्षा जुनाट, साधा, वंशवृक्षाच्या बुंध्याजवळचा दिसतो. कुजणंच वर्गीकरणात ढवळाढवळ करतं.

विद्यार्थिनीच्या घरी यंत्रमाग आहे, वडील चादरी विणतात. तिनं ते चटकन पकडलं. "धुऊन धुऊन रंग उडालेली चादर बघायची आणि म्हणायचं, ही पांढरीच विणली होती. तसंच ना?" होय, तसंच. ताणाबाणा राहतो, नक्षी आधी जाते.

मॅडम मात्र बघितल्याशिवाय मानणाऱ्यांतल्या नव्हेत. लँप्री सोलापुरात कुठून आणणार? शेवटी मंडईतून उजनीच्या चिलापीची बोटाएवढी पिल्लं आणली. सहा बरण्या, मिठाचं पाणी, तोंडाला फडकं. रोज सकाळी आठला एक बरणी उघडायची, लेन्सखाली बघायचं, फोटो घ्यायचा.

दुसऱ्याच दिवशी लॅबचे मामा दारात उभे. "सर, वास लई सुटलाय बगा. पोरी जिन्यावरनंच माघारी फिरायला लागल्यात." बरण्या गच्चीवर गेल्या. गच्चीवर एका घारीनं एक बरणी आडवी केली. उरल्या पाच.

प्रयोग म्हणून हे फार कच्चं काम होतं, ते इथं कबूल करतो. चिलापीला हाडं आहेत, खवले आहेत, कोनोडोंटशी तिची तुलना लंगडी. तापमान हाताबाहेर, दुपारी पाणी कोमट नव्हे, गरमच व्हायचं, त्यामुळं आठवड्याचं कुजणं तीन दिवसांत उरकलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी उघडलेल्या बरणीत एक गोष्ट अशी दिसली की मॅडम लेन्सवरून डोळा काढेनात. कल्ल्याचं झाकण उचललं तर आत लालसर झालर नव्हती. करडा, शेंबडासारखा लगदा होता, चिमट्याला लागताच पाण्यात विरघळला. त्याच पिल्लाच्या अंगावरची कातडी मागे सरकवली, तर खाली स्नायूंचे पट्टे ओळीनं, कोंबड्याच्या पिसासारखे नीट लावलेले. चौथ्या दिवशीच्या बरणीत डोळ्याचं भिंग गळून तळाशी पडलेलं, पण काळं कडं जागेवर. विद्यार्थिनीनं ग्रँटनच्या जीवाश्माचा फोटो मोबाइलवर काढून शेजारी धरला. कडं, पट्टे, आणि कल्ल्यांच्या जागी काही नाही.

मॅडम एवढंच म्हणाल्या, "बरं. नसणं वेगळं आणि न उरणं वेगळं."

इथून पुढची बाजू सरळ होती. जे उरलंय त्याला पूर्ण वजन द्यायचं, जे दिसत नाही त्याला 'नव्हतं' म्हणायचं नाही. कोनोडोंटमध्ये उरलंय त्यात हलता डोळा आहे, पराच्या काड्या आहेत. अँफिऑक्सस हे दोन्ही दाखवू शकत नाही. म्हणून अँफिऑक्ससच्या वर. पण किती वर? इथं तज्ज्ञच एकमताचे नाहीत. काहींनी त्यांना जबडेवाल्यांकडे येणाऱ्या वाटेवर, लँप्रीच्याही पुढे ठेवलं. २०११ मध्ये ट्रायासिक कोनोडोंटच्या दातांची हालचाल लँप्री आणि तिचा जबडाविरहित नातलग हॅगफिश यांच्या जिभेसारखी कप्पीवर चालत असावी असं मांडलं गेलं, त्यामुळे त्यांचं नातं त्या बाजूला झुकतं. २०१० मध्ये एका गटानं तर पृष्ठवंशीयांशी संबंधच नाकारला होता. चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या बाजूनंही एक शब्द: सर्वांत जुने, 'प्रोटोकोनोडोंट' म्हणवले जाणारे काटे खरोखरच बाणकृमींचे निघाले. नाव एक, प्राणी दोन.

काय केलं

कपाट सहा. वरची फळी, अँफिऑक्ससच्या बरणीनंतर, लँप्रीच्या बरणीला लागून पण तिच्या मागेही नाही नि पुढेही नाही. दोघी एका रेषेत. ही मांडणी मॅडमची. रजिस्टरला संघ 'रज्जुमान', वर्ग 'पृष्ठवंशी, जबडाविरहित', शाईनं. वाद कुठे आहे ते शेऱ्यात. भाऊसाहेबांनी शेरा वाचला, म्हणाले, "एवढा मोठा शेरा आजवर कुणी लिहिला नाही," आणि सही केली.

जुनी चिठ्ठी काढून टाकायची का, यावर थोडी बोलाचाली झाली. मला ती काढायची होती. भूशास्त्राचे सर म्हणाले, ती पण नमुन्याचा भाग आहे. ती स्लाइडच्या मागे तशीच आहे.

पाटी मी तीन वेळा लिहिली. पहिली फार लांब झाली, दुसरीत 'आपले पूर्वज' असा शब्द शिरला होता, तो मॅडमनी खोडला. कोनोडोंट कुणालाही मागे न ठेवता संपले, ते आपले पूर्वज नव्हेत. शेवटची अशी:

'कोनोडोंट. सुमारे ५० कोटी ते २० कोटी वर्षांपूर्वी समुद्रात राहणारे, वामेसारख्या अंगाचे प्राणी. समोर आहेत ते त्यांच्या तोंडातले दात. काळा रंग खडक तापल्यामुळे.
इतरत्रच्या जीवाश्मांत दिसलेलं: पृष्ठरज्जू, स्नायूंचे पट्टे, डोळे, शेपटीचा पर.
न दिसलेलं: कल्ले. नव्हते की कुजले, हे जीवाश्म सांगत नाही.
स्थळ: नोंद नाही.'

दगडावरच्या प्राण्याचं चित्र विद्यार्थिनीनं काढलं. तिनं कल्ल्यांच्या जागी तुटक रेघ ओढली आणि शेजारी छोटं प्रश्नचिन्ह घातलं. संग्रहालयातलं हे एकच प्रश्नचिन्ह असलेलं चित्र असेल.

काय झालं

कमिटी आली. एका सदस्यांनी पाटीजवळ अर्धा मिनिट थांबून वाचलं, मान हलवली आणि अग्निशामक नळकांड्याची मुदत कधी संपते ते विचारलं.

मुलांच्या बाबतीत फरक पडला. पूर्वी शाळेच्या सहली कपाट सहापाशी थांबायच्याच नाहीत, घुबडाकडे पळायच्या. आता 'कुजले' हा शब्द वाचून मुलं थबकतात. जुन्या पाटीवरच्या नावांनी कुणाला प्रश्न पडत नसे, या पाटीवर हमखास विचारतात, "मग सडायच्या आधी दगड कसा झाला?" ते सांगायला लागलं की अर्धा तास जातो: चिखलानं झाकलं जाणं, प्राणवायू तुटणं, खनिजांनी जागा घेणं, आणि हे सगळं कल्ले विरायच्या आत व्हावं लागणं, जे बहुतेक कधीच होत नाही.

विद्यार्थिनीनं प्रबंधाचा विषय बदलला. मऊ अंगाचे प्राणी कुजण्यावर काम करायचं म्हणते. वडिलांना वासाचं अजून सांगितलेलं नाही.

पुन्हा करायचं झालं तर

काच उघडण्याआधी पंखा बंद. त्याहून आधी, प्रत्येक चौकटीचा फोटो. आम्ही फोटो अपघातानंतर काढले, त्यामुळे हरवलेला नग फणीच्या आकाराचा होता की करवतीच्या, हेसुद्धा नक्की सांगता येत नाही.

स्थळाची चौकशी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. खोकी आणून दिली तेव्हा घर अजून पुरतं रिकामं झालेलं नव्हतं. आम्ही मार्चअखेर फोन केला तोवर त्या वारलेल्या प्राध्यापकांच्या सहलींच्या वह्या रद्दीत गेल्या होत्या. 'टीआर ७' मधला सात म्हणजे काय, ते त्या वह्यांत असणार. वर्गीकरण उद्या बदललं तर पाटी बदलता येईल. स्थळ गेलं ते गेलं.

कुजण्याचा प्रयोग डिसेंबरात, थंडीत, आणि वामेच्या पिलांवर करावा. शेजारी गोड्या पाण्याची एक बरणी ठेवावी. आणि गच्चीवर जाळी.

दोन प्रश्न कालवण्याची चूक बहुधा पुन्हाही होईल. 'हे काय आहे' आणि 'हे कुणात मोडतं' हे प्रश्न रजिस्टरच्या एकाच ओळीत शेजारी-शेजारी छापलेले असतात, त्यामुळे हात आपोआप दोन्ही एकदम भरायला जातो.

रजिस्टरचं एक त्रांगडं मात्र राहिलंच. नोंद फेब्रुवारीत सुरू केली तेव्हा 'नग' या रकान्यात ११ लिहून झालं होतं, आणि शाईनं. आता दरवर्षी पडताळणीला स्लाइड मायक्रोस्कोपखाली जाते, मोजणारा दहा मोजतो, आणि ओळीच्या शेवटी 'एक नग आढळला नाही' असं लिहून सही करतो.